भयपट समजावणारे काका

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एक काका आहेत. रविवारी दुपारी ते आम्हा चार-पाच जणांना घरी बोलावून गोऱ्या-काळ्यांच्या भेदावरचे परदेशी भयपट दाखवतात, म्हणजे खरं तर समजावतात. रिमोट त्यांच्याच हातात असतो. पडद्यावर कोणी किंचाळलं, की ते सिनेमा थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "लक्षात घ्या, भूत महत्त्वाचं नाही. माणूस माणसाची कातडी बघून वागतो ना, ते भयंकर!" इतक्या कळवळ्याने बोलतात, की गोऱ्यांनी येऊन त्यांचीच माफी मागावी.

गेल्या महिन्यात सिनेमा असाच थांबलेला असताना दारात एक तरुणी आली. ती नर्स होती आणि तिला काकांचा खालचा फ्लॅट भाड्याने हवा होता. काकांनी हसून नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव.

"सुरगाण्याकडचे आम्ही, आदिवासी," ती सरळ म्हणाली.

"अरेरे, कालच दिला हो!" म्हणत काकांनी दार लावलं आणि रिमोट उचलला. "हां, तर हे गोरे बघा, किती गोड बोलून हाकलतात!"

फ्लॅट रिकामा आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळे चिवडा खात राहिले. मला मात्र बसवेना. मी जिना उतरून तिला फाटकापाशी गाठलं.

"ताई, ते खोटं बोलले. फ्लॅट रिकामाच आहे."

"ठाऊक आहे, दादा. भाड्याची पाटी गॅलरीत तशीच लटकतेय," ती स्कूटी सुरू करत म्हणाली. "पण हे तुम्ही वर, त्यांच्यासमोर का नाही बोललात?"