सुमनच्या दातांतली फट

मी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारं माणूस आता सातारा जिल्ह्यात शिल्लक नाही. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो. वडूजच्या गाडीत एकदा मी एकशे सदतीस माणसं, अकरा कोंबड्या आणि एक नवरदेव त्याच्या घोड्यासकट बसवला होता — घोड्याला हाफ तिकीट फाडलं — हे मी किमान हजार वेळा सांगितलंय. ब्रेक गेलेली फलटणची गाडी नुसत्या शिट्टीवर थांबवल्याचंही सांगितलंय. पण एक गोष्ट होती, अगदी लहान, अगदी खरी, आणि ती एकतीस वर्षांत माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही. गेल्या महिन्यात सांगलीत तिच्यातली निम्मी पडली. उरलेली निम्मी अजून आतच आहे. ती तुम्हाला सांगायला बसलोय. म्हणजे — बघू, कितपत जमतंय.

आधी सुमनचं सांगतो. सुमन माझी बायको. तिचं माहेर वडूजच्या पलीकडं, कोरडवाहू गाव. तिथल्या विहिरीचं पाणी असं, की लहानपणापासून जो प्यायला त्याच्या दातांवर चहाच्या डागासारखे तपकिरी पट्टे उमटायचे. तिच्याही उमटले. शिवाय पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट. तिला बघायला गेलो तेव्हा बशीतला चहा माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या विजारीवर सांडला, आणि ही पोरगी सगळ्या मंडळींसमोर खळाळून हसली. बापानं डोळे वटारले तरी हसली. त्या हसण्यावरच मी होकार दिला. यात माझी काडीची भर नाही. माझ्या आयुष्यातली बहुधा ही एकच गोष्ट असेल, जिला भर घालावी लागली नाही.

मग त्यानंतर एकतीस वर्षं तिला कुणी हसताना का पाहिलं नाही?

हसायची — पण तोंडावर पदर. पुढं पंजाबी ड्रेस आले तेव्हा पदराच्या जागी तळहात आला. बारशाचे फोटो बघा, वास्तुशांतीचे बघा, मुलाच्या लग्नाचे बघा. सगळीकडं ओठ मिटलेले. शेजारणी म्हणायच्या, काय मर्यादेची बाई आहे! आणि मी मान डोलवायचो. ‘संस्कार हायत,’ म्हणायचो. संस्कार! आता सांगा, काय म्हणावं अशा माणसाला?

आमच्याकडं लग्न लागून वरात घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. उखाण्यात नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. माझी थोरली बहीण, आक्का, हिला सांगलीत दिलेली. तिनं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं. सुमननं लाजत नाव घेतलं, साधंसं, महादेवाच्या पिंडीचं. मग माझी पाळी. मागं आख्खी आळी उभी, डेपोतले माझे आठ दोस्त शिट्ट्या मारायला टपलेले. आणि मी आवाज चढवून म्हणालो —

पुण्याला जाताना लागतो खंबाटकीचा घाट,
सुमनच्या दातांतनं यष्टीला वाट!

हशा? तसा हशा मी नंतर कधी ऐकला नाही. ताशावाल्याच्या हातातली काठी खाली पडली. एक म्हातारा तर मांडवाचा खांब धरून खाली बसला. सुमनपण हसली हो पहिल्यांदा — सवयीनं, सगळे हसतायत म्हणून. मग तिच्या लक्षात आलं. तेव्हा पदर वर गेला.

हसली नाही ती फक्त आक्का. मला माजघरात ओढून तिनं पाठीत असा धपाटा घातला, की... नाही, भर नको. धपाटा घातला. “गाढवा, पोरीचं त्वांड बघितलंस का कसं झालं?” म्हणाली.

मी बघितलं होतं. म्हणूनच तर पुढचं केलं. तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेआधी सुमननं मला विचारलं, मान खाली घालून, फुलवाती वळता वळता, “आवं, माझं दात तुमाला एवढं वंगाळ वाटत्यात, तर हो कशाला म्हणालासा?” सरळ प्रश्न. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, “माझा न्हाई गं त्यो उखाणा. आक्कानं शिकवला. दार अडवायच्या आधी कानात सांगितला. थोरलीला न्हाई कसं म्हणू?”

झालं. एका वाक्यात मी सुटलो.

बरं, गप्प तरी बसावं ना! प्रत्येक लग्नात पाहुणे ओरडायचे, “तात्या, तो घाटाचा होऊन जाऊ द्या!” आणि मी घ्यायचो. उखाणा आक्काचा ठरलेला, मग मला कसली भीती? मी सुरू केलं की आक्का उठून आत जायची. तिला ऐकवत नसे. सुमननं एकदा मला विचारलं, वन्सं उठून का जात्यात? मी सांगितलं — “आत जाऊन हसतीया.”

हे लिहिताना माझा हात थांबला होता. चहा पिऊन आलो.

एकतीस वर्षं आक्का दर भाऊबीजेला सांगलीहून यायची. सुमन तिला गरम गरम वाढायची, पाया पडायची, आणि शेजारी कधी बसायची नाही. आक्का तिच्यासाठी बांगड्या आणायची, साडी आणायची. सुमन “कशाला वन्सं?” म्हणायची आणि ते कपाटात जायचं. आक्का जाताना मला म्हणायची, “सुमन लय अबोल हाय रं.” मी म्हणायचो, “तिचा सभावच तसला.” किती सोपं असतं बघा!

यंदा काय झालं, आमची नात पिऊ, दीड वर्षाची, काहीतरी बघून हसली आणि हसता हसता तिनं आपला इवलासा तळहात तोंडावर दाबला. आजीसारखा. सगळ्यांना केवढं कौतुक! सुनेनं व्हिडिओ काढला. सुमन मात्र उठून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं, “मला दात करून घ्यायचं हायत.”

मुलानं मोबाइलवर शोधून तिला समजावलं, की दातावर नखाएवढी पातळ चकती बसवतात, तिला व्हेनिअर म्हणतात, डागही झाकतात, फटही बुजते. आणि मी? मी आडवा आलो. म्हणालो, फलटणला एकानं असले दात बसवले, उसाचं कांडं तोंडात घातलं तर दात उसाला आणि माणूस इकडं. कोरेगावात एकाचे दात रात्री अंधारात चमकतात, पोरं त्याच्या उजेडात अभ्यास करतात. सुमन सगळं ऐकून म्हणाली, “झालं का तुमचं?”

मी का आडवा आलो, ते मला तेव्हाच माहीत होतं. दात सुधारले, आणि हात तरीही वर गेला, तर? मग तो हात दातांमुळं वर जात नव्हता, हे तिला कळणार. मलाही.

साताऱ्यातला डॉक्टर तिचे दात बघून म्हणाला, “करतो मी, पण या कामात खरा हात सांगलीच्या मुक्ता डॉक्टरांचा. तिकडं जा.” मुक्ता म्हणजे आक्काची मुलगी! सुमननं घरी येऊन पर्स आपटली. “ऱ्हाऊ द्या. त्या दारात मी न्हाई जायची.” मुलानं विचारलं का, तर सांगेना. तिनं दात करायचंच रद्द केलं. आणि का रद्द केलं ते या जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, त्यातही तिला चुकीचं माहीत होतं. आठ दिवस मी ते बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो का? नाही. शेवटी पिऊनं परत एकदा तोंडावर हात ठेवला, आणि सुमन आपणहून म्हणाली, “काढा सांगलीची तिकिटं.”

मुक्तानं फोटो काढले, दातांच्या रंगांची पट्टी तिच्या ओठांशी धरली. सगळ्यात पांढरा रंग बघून सुमन म्हणाली, “ह्यो नगं बाई, भिंतीला चुना दिल्यागत दिसंल.” तिनं दुधावरच्या सायीसारखा रंग निवडला. फट पूर्ण बुजवू का थोडी ठेवू, असं मुक्तानं विचारलं, तर माझ्याकडं न बघता म्हणाली, “पार बुजीव.” मग मुक्तानं नमुना म्हणून दातांवर तात्पुरता लेप चढवला, नंतरचे दात कसे दिसतील ते कळायला. आरसा हातात दिला. “मामी, आता हसा.”

सुमननं आरशात बघितलं. चेहरा उजळला. हसली — आणि हात वर गेला.

“मामी, हात,” मुक्ता हळूच म्हणाली. सुमननं हात खाली घेतला, तर हसूही गेलं. परत हसली, परत हात. कोपऱ्यात आक्का डबा घेऊन बसली होती, तिनं तोंड फिरवलं. सुमनला वाटलं असणार, ही पण हसतीया. मला दिसत होतं, आक्का डोळे पुसत होती.

पंधरा दिवसांनी चकत्या बसवायला परत गेलो. सुमन खुर्चीत आडवी. ओठ ताणून धरायला तोंडात प्लास्टिकची चौकट, गालांत कापसाच्या गुंडाळ्या. बोलणं शक्य नाही. आणि मी, शूर मर्द, नेमकी तीच वेळ साधली. उभा राहिलो आणि म्हणालो, “सुमन, तो उखाणा आक्कानं शिकवला न्हवता. माझाच व्हता. आक्का आत जाऊन हसत न्हवती. तिला ऐकवत न्हवतं.”

उत्तर देता येणार नाही अशा माणसाला मी कबुली दिली. ह्याला धाडस म्हणू नका.

सुमनचे डोळे छताला लागलेले. कडेनं पाणी आलं, कानाकडं वाहायला लागलं. मुक्तानं चकती पक्की करायचा हातातला निळा दिवा थांबवला. “मामा, आता नका ना रडवू. सगळं कोरडं लागतं मला.” आक्का मात्र माझ्याकडं बघत राहिली, मग सुमनकडं, मग परत माझ्याकडं. “म्हंजी... एवढी वर्सं हिला वाटत व्हतं, की मी?” एवढंच म्हणाली. मला धपाटा घातला असता तर बरं वाटलं असतं.

तासाभरानं चौकट निघाली. सुमननं चूळ भरली. मी पुढं झालो, पण ती माझ्याशी बोललीच नाही. आक्काकडं वळून म्हणाली, “वन्सं, तुमी आणलेल्या हिरव्या बांगड्या मी कवाच घातल्या न्हाईत. दिऊन टाकल्या.”

“ठाव हाय मला,” आक्का म्हणाली. “तुझ्या भांडीवालीच्या हातात बघितल्या की. आन् मोरपंखी साडी तुझ्या शेजारणीच्या अंगावर.”

“आगं बया! मग बोलला का न्हाईसा?”

“तू तरी कुठं बोललीस?”

आणि दोघी हसायला लागल्या. काय हसल्या! बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. सुमनचा अर्धा ओठ इंजेक्शननं बधिर होता, हसू एका बाजूला घसरत होतं, आणि तिचे दोन्ही हात आक्काच्या हातांत होते. एकही वर गेला नाही. मुक्तानं आरसा पुढं केलेला, पण तिकडं बघायला कुणाला सवड होती?

हसून झाल्यावर सुमन मला म्हणाली, “तुमी जावा साताऱ्याला. मी वन्संकडं ऱ्हाणार हाय.” मी एकटाच आलो. पाच दिवस ती सांगलीत राहिली. परत आल्यापासून माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते. त्या विषयावर शब्द नाही.

ही निम्मी झाली. आता उरलेली.

सुमनला आणि आक्कालाही वाटतं, की तो उखाणा उंबऱ्यात माझ्या तोंडून सटकला. गर्दी, ताशा, तरुण वय, गेला निसटून. तसं नव्हतं. लग्नाच्या आधी डेपोत दोस्तांनी सुमनचा फोटो बघितला. एकजण म्हणाला, “कंडक्टर, ही फट हाय का फाटक?” सगळे हसले. मीपण हसलो. आणि त्या दिवशी मला कळलं, लग्नात हे लोक हिला हसणार, म्हणजे मला हसणार. तेव्हा आपणच आधी हसवावं, म्हणजे आपल्याकडं बोट येत नाही. पुढचे आठ दिवस साताऱ्याहून फलटणला जाता-येता मी तो उखाणा जुळवला. तीन यमकं टाकून दिली. ड्रायव्हरवर आजमावून बघितला. कुठल्या शब्दावर हशा येणार, ते मला ठाऊक होतं. ती शेजारी उभी असणार, हेही ठाऊक होतं. ज्या हसण्यावर मी होकार दिला, ते मी ठरवून, घासूनपुसून, त्यांच्या ताब्यात दिलं.

तेव्हा सगळेच असं बोलायचे, असं मी म्हणणार नाही. तसं सगळे बोलत नव्हते. आक्का नव्हती बोलली.

आत्ता सुमन स्वयंपाकघरात फोनवर आक्काशी बोलतीय. रोज बोलतात. पिऊ कडेवर आहे, आणि आजी-नातीचं हसणं इथं ओसरीपर्यंत येतंय. उद्या सकाळी चहा झाला की हे कागद मी तिला वाचून दाखवणार आहे. या वेळी तोंडात कापूस नसेल, चौकट नसेल. तिला जे म्हणायचं ते ती म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही. मी मधे बोलणार नाही.