सगळ्या बाजूंनी बघणाऱ्या बाई

"फिरवून बघितलंस?"

हा आमच्या बाईंचा पहिला प्रश्न. विचारताना उजवा हात वर उचलून मनगट असं वळवायच्या, की त्यांच्या मुठीत एखादं संत्रं आहे आणि त्याची नासकी बाजू त्या शोधताहेत असं वाटावं. "ये", "बस" काही नाही. तुम्ही महिनाभर राबून काहीतरी घेऊन गेलात तरी आधी मनगट वळणार. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

फरीदाबादच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. आमचं काम प्रथिनांच्या रचनेचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती सरळ राहत नाही, गुंडाळून आकार घेते, आणि मग माळेत लांब लांब असलेले मणी शेजारी येऊन एकमेकांना धरतात. कोण कोणाला धरतं ते शोधायचं. कॉम्प्युटर अंतरं मोजतो आणि कोणते मणी जवळ आहेत ते क्षणात सांगतो. इतर ठिकाणी लोक त्यावर समाधान मानून चहाला जातात. आमच्याकडे प्रत्येक जोडी पडद्यावर उघडायची आणि माउसने गोल फिरवून बघायची.

"जवळ आहेत म्हणजे धरलंय असं नाही गं. तोंडं कुठे आहेत त्यांची? हा बघ, पाठ करून बसलाय."

आणि तो मणी खरंच पाठ करून बसलेला असायचा. बाई चुकत असत्या तर मला त्यांचा निम्मासुद्धा राग आला नसता.

त्यातून सुटका नव्हती, कारण बाई दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या आणि मी शेजारीच मुनिरक्यात, भाड्याच्या खोलीत. "मेट्रोत धक्के कशाला खातेस, चल माझ्याबरोबर," असं त्या एकदा म्हणाल्या आणि मी मूर्खासारखी हो म्हटलं. तेव्हापासून सकाळी फरीदाबादपर्यंत माझी उलटतपासणी चालायची. संध्याकाळी परत येताना मुनिरक्याच्या कोपऱ्यावर गाडी थांबायची आणि बाई टोमॅटो घ्यायच्या. एकेक उचलून, फिरवून, परत ठेवून. मी पिशवी धरून उभी.

"मॅडम, टमाटर है, हीरा नहीं है," भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला.

"हीरा कौन खाता है, भैया," बाई म्हणाल्या आणि पुढचा टोमॅटो उचलला.

लातूरहून मामांनी एका मुलाचा फोटो पाठवला होता. गाडी सिग्नलला उभी असताना मी तो उगाच बाईंना दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि चक्क तिरका केला.

"समोरूनच आहे. बाजूने नाही?"

"मॅडम, लग्न करायचंय. स्ट्रक्चर नाही सोडवायचं."

बाई इतक्या हसल्या की सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. मामांकडे मी मात्र खरंच बाजूचा फोटो मागितला. तो कधी आला नाही.

बाईंचं नाव झालं होतं ते एका जुन्या शोधनिबंधामुळे. एका प्रथिनाचे दोन रेणू एकमेकांना घट्ट धरून जोडीनेच काम करतात, असं त्यांनी तरुणपणी दाखवलं होतं. वर्गात विद्यार्थ्यांना ती जोडी शिकवली जायची. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच जोडीवर उभं होतं. इतर प्राण्यांतल्या त्याच प्रथिनात जोडीला धरणारे मणी न बदलता कसे जपले गेले आहेत, ते मला दाखवायचं होतं. एवढं झालं की प्रबंध सादर करायचा आणि सुटायचं. घरचे रोज विचारत होते, आणि बाईही थोड्याच काळात निवृत्त होणार होत्या.

पण ते मणी कुठेच जपलेले दिसेनात. एका प्राण्यात हा, दुसऱ्यात भलताच. मी वैतागले. बाईंसमोर जायच्या आधी सगळं इतकं फिरवून ठेवते की त्यांना विचारायला काही उरायलाच नको, असं ठरवलं. म्हणून फक्त ती जोडी न उघडता स्फटिकात तिच्याभोवती असलेले सगळे रेणू उघडले.

इथे एक सांगायला हवं. प्रथिन बघायचं तर आधी त्याचा स्फटिक करावा लागतो, आणि स्फटिकात रेणू सकाळच्या मेट्रोतल्या माणसांसारखे दाटीने उभे असतात. मी चित्र मागून वळवलं. पाठीमागे तिसरा रेणू, तोही तितकाच चिकटलेला. बाजूला चौथा. मग त्या दोघांचीच जोडी का म्हणायची? शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागला म्हणून तो काही नवरा होत नाही. बाईंची जोडी ही निव्वळ दाटी होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसते न बसते तोच स्टिअरिंगवरचा हात उठला. "फिरवून बघितलंस?"

"तुम्ही बघितलं होतं, मॅडम?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि बदरपूरपर्यंत गाडी दामटली. मग एका चहाच्या टपरीपाशी गाडी कडेला घेतली, माझा लॅपटॉप बॉनेटवर ठेवला आणि त्या चित्र फिरवत राहिल्या. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, खालून. चहा गार झाला.

"तेव्हा मशीनवर दोनच रेणू उघडायचे," त्या म्हणाल्या. "तिसरा घेतला की अडकायचं." लॅपटॉप मिटला. "हा काही बहाणा नाही. चलो."

मला वाटलं, आता हे प्रकरण गुंडाळलं जाईल. छे! बाईंनी मलाच कामाला जुंपलं. शेजारच्या प्रयोगशाळेतून प्रथिन करून घेतलं, पाण्यात सोडून बघितलं. एकेकटंच फिरत होतं. तेच प्रथिन वेगळ्या पद्धतीने रचलेल्या दुसऱ्या स्फटिकात शोधलं. तिथे तर ते दोघे एकमेकांजवळही नव्हते.

"गर्दी बदलली तरी जे सुटत नाही, ते खरं धरलेलं," बाई म्हणाल्या. "हे सुटलं. बिल्कुल सुटलं." आणि हे सांगताना आवाज असा, की जणू दुसऱ्याच कोणाची चूक सापडली आहे.

माझा प्रबंध लांबला तो लांबलाच. एक दिवस माझा बांध फुटला. "मॅडम, राहू दे ना आता! निवृत्त होताय, कोण विचारणार आहे? मला घरी जायचंय."

"अगं, तू विसंबून बसली होतीस ना या जोडीवर? इतकी वर्षं? आणखी कोण कोण बसलंय, मला काय माहीत."

मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि मग परत येऊन कॉम्प्युटर सुरू केला. जुनी जोडी खोटी ठरवणारा शोधनिबंध आमच्या दोघींच्या नावाने निघाला, माझं नाव पहिलं. माझं तिसरं प्रकरण आता त्या चुकीवरच उभं राहिलं आणि प्रबंध एकदाचा सादर झाला. संस्थेतले लोक बाईंना म्हणत, "मॅम, रिटायरमेंट के टाइम पे ये क्या कर लिया?" बाई नुसतं मनगट वळवायच्या.

निरोप समारंभ झाला. आमचा नवा शोधनिबंध न वाचलेल्या काही हौशी मंडळींनी मला न विचारता भेट तयार करून घेतली होती. कागद सुटला आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्लास्टिकची तीच जोडी! एक रेणू केशरी, एक निळा, जुन्या चित्रावरून थ्रीडी प्रिंटरवर हुबेहूब छापलेली. टाळ्या पडल्या. बाईंनी ती हातात घेतली आणि अर्थातच फिरवून बघितली. मग दोन्ही हातांनी दोन बाजू धरल्या आणि कट्‌कन तोडली.

"इनका आपस में कुछ नहीं था," बाई शांतपणे म्हणाल्या. "भीड़ में खड़े थे, बस." केशरी तुकडा माझ्या हातात दिला, निळा पर्समध्ये टाकला आणि समोसा खायला गेल्या.

क्वार्टर रिकामं झालं, बाई नाशिकला गेल्या. मला त्याच संस्थेत नोकरी लागली. आता मी मेट्रोने जाते, सकाळी धक्के खाते आणि कोणी काही विचारत नाही. इतकी शांतता मिळावी म्हणून मी वर्षानुवर्षं तळमळले होते, आणि आता ती मला खायला उठते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बाईंचा एक फोन नाही. मी दोनदा केला, त्यांनी उचलला नाही. एका शहरात मराठी बोलणाऱ्या दोघी, घरं जवळ, रस्ता एक. आपलंही तेवढंच, निव्वळ दाटी, असणार, अशी मी मनाची समजूत घातली. मला फार लागलं होतं ते.

परवा मेट्रोत मोबाइल वाजला. बाईंचा निरोप. शब्द एकही नाही, फक्त फोटो. नाशिकच्या ओट्यावर टोमॅटोंच्या शेजारी ठेवलेला निळा तुकडा, समोरून. मग तोच बाजूने. मग मागून. मग खालून. एका फोटोवर भागवतील तर त्या बाई कसल्या!

संस्थेत पोचल्यावर मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. टेबलावरचा केशरी तुकडा उचलला, खिडकीत उजेडाला धरला आणि एकेका बाजूने त्याचे फोटो काढत सुटले.