धुक्यापलीकडे, दुसऱ्यांदा

पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं की गोष्ट तीच राहते, किस्से मात्र नवे जमतात. आमच्याकडे तर आता इतके साठलेत की वाचन कमी आणि किस्सेच जास्त.

आम्ही तिघं डोंबिवलीतले शाळासोबती: मी, मीनल आणि सचिन. धुक्यापलीकडच्या राज्यात ड्रॅगन शोधायला निघालेल्या मुलांची सहा भागांची मालिका आम्ही आठवीत पाठ केलेली. गेल्या वर्षी मीनलची आई गेली. मीनल वडिलांकडे राहायला आली आणि म्हणाली, "घर फार गप्प झालंय रे." तेव्हा ठरलं, रविवारी सकाळी तिच्याकडे जमायचं, आपापली पुस्तकं आणायची आणि पहिल्या भागापासून मोठ्याने वाचायचं.

*

शाळेत माझा त्या मालिकेतल्या राजपुत्रावर जीव होता. आता वाचताना कळलं, तो पंधरा वर्षांचा आहे. म्हणजे माझ्या मुलाएवढा. ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या वयाचा.

"घरातून निघताना आईला सांगूनसुद्धा गेला नाही," मी वैतागून म्हटलं.

"अगं, तुला त्याच्याशी लग्न करायचं होतं," मीनल म्हणाली.

"आता मला त्याच्या आईला फोन करावासा वाटतोय."

*

तिसऱ्या भागात राज्यातले झरे आटतात. लोक हंडे घेऊन रांगेत, पाण्यावर पहारा, मुलं जीव मुठीत धरून दोन घागरी पळवून आणतात. सचिन वाचता वाचता थांबला. तो दिवा स्टेशनजवळ राहतो, तिथे पाण्याची कायमची बोंब.

"हे मी कामावरून घरी गेल्यावर रोज करतो," तो म्हणाला. "यात फँटसी कुठून सुरू होते तेवढं सांगा."

*

सचिनचा चौथा भाग हरवलेला. कल्याणला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो शोधायला गेला.

"चौथा नाय," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्याच्या दोन कॉपी आहेत. त्या घेऊन जा. दोन आणि दोन चारच होतात."

सचिन त्या दोन्ही घेऊन आला.

*

काका, म्हणजे मीनलचे वडील, गॅलरीत पेपर घेऊन बसायचे. पोरकट गोष्टींत त्यांना रस नाही, असं ते पहिल्याच रविवारी म्हणालेले. एकदा मी चुकून एक पान गाळलं. पेपरामागून आवाज आला, "पूल ओलांडायचा राहिला."

*

पाचव्या भागात मुलांना वाट दाखवणारी म्हातारी बर्फात मरते. शाळेत त्या पानावर आम्ही तिघंही रडलेलो. त्या रविवारी मीनल हळूच म्हणाली, "हे प्रकरण सोडूया. बाबांसमोर नको."

काकांनी ऐकलं. पेपर घडी करून ते आत आले. "सोडायचं कशाला? आण इकडे."

मीनलने पुस्तक दिलं आणि ती माझ्या पुस्तकात डोकावून बसली. काका खणखणीत आवाजात वाचू लागले. बर्फ, वारा, तिच्याभोवती बसलेली मुलं. आम्ही ओळींवर बोट ठेवून ऐकत होतो. म्हातारी मरते त्या ओळीशी आल्यावर काका थांबले. मग त्याच आवाजात पुढे वाचू लागले:

"म्हातारीने डोळे उघडले. म्हणाली, 'किती वेळ झोपले रे मी? उठवायचं नाही का?' मुलांनी हात दिला. ती उठली आणि त्यांच्या पुढे चालू लागली."

काकांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले.

सचिनने माझ्याकडे पाहिलं. मीनलने माझ्या पुस्तकाचं पान उलटलं. मग सचिननेही उलटलं.