नानांचा जाड हात आणि बिनइंजिनाचं विमान

नाही नाना, जाड म्हणजे मजबूत नाही. फोनवर सांगितलं, दिवाळीत जेवताना सांगितलं, त्याआधी तुमच्या हाताखाली होतो तेव्हा सांगितलं आणि त्या दिवशी रेझिनचा ब्रश पाठीत खाल्ला. तरी तुमचं तेच. पाण्याची टाकी जाड केली की टिकते, मान्य. पण जे उडणार आहे ते टाकी नाही.

हे भांडण आमच्या घरात जुनं आहे. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मूळ पारोळ्याकडचे, पण जळगावात पिंप्राळ्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. तिथे फायबरच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, देवळांवरच्या छत्र्या बनतात. आठवीत माझी शाळा सुटली आणि मी तिथेच फायबर शिकलो. मग एका जागी पाय टिकेना. फिरत फिरत कोचीला आलो, आता बोटींचं काम करतो.

जानेवारीत नानांचा फोन आला. "बिनइंजिननं इमान उनं शे हातमा." धुळ्याबाहेर काही हौशी लोकांनी एक जुनं ग्लायडर ठेवलंय. माझ्यापेक्षा वयाने मोठं, सगळं फायबरचं, वरून पांढरा जेलकोट, म्हणजे कडक रंगाचा थर. त्या जेलकोटला तडे गेले होते आणि ते घासून नीट करायचं काम नानांना मिळालं होतं. मला आधी आनंदच झाला. मग नाना म्हणाले, पंखाच्या मागच्या काठाला बिजागरीवर हलणारी लांब पट्टी असते, तिला दोन हात जास्तीचे दिले, प्रेमाने. आणि दुसरी गोष्ट सांगितली. त्या लोकांची एक रीत आहे. दुरुस्ती झाली की पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर तोच बसतो, ज्याचा शेवटचा हात लागला.

"मी रंग दिधा, मीच बससू," नाना म्हणाले. वय पासष्ट, विमानात कधी पाऊल नाही.

मी त्याच दिवशी सुट्टी टाकली.

कोचीहून जळगावला थेट गाडी आहे. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत पडतं, पण आधी काढा. कोकणातून जाताना दोन्ही बाजूला एवढं हिरवं असतं की लोक खिडकी सोडत नाहीत. मी मात्र वरच्या बर्थवर पडून मोबाइलवर एकच गोष्ट शोधत होतो: ती पट्टी जड झाली तर काय होतं. जे सापडलं ते वाचून मोबाइल उशाखाली ठेवला. परत काढला. परत ठेवला. कागदात बांधलेला भात तसाच राहिला.

जळगाव स्टेशनवरून पिंप्राळ्याला शेअर रिक्षा मिळते. काकूने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. हिवाळ्यात खान्देशात आलात तर हिरव्या वांग्याचं भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नका, हे मी कुणालाही सांगतो. त्या दिवशी मला दोन घास गेले. नाना समोर बसून मजेत खात होते.

"घाबरना का रे? तुले थोडंच बसनं शे," ते म्हणाले.

"नाना, त्याचं वजन केलं का?"

"वजन? टाकीनं वजन कोन करस?"

सकाळी दोघं एसटीने धुळ्याला निघालो. तिकीट दीडशेच्या आसपास, एरंडोल, पारोळा करत अडीच तास. रस्ता आता रुंद झालाय. पारोळ्याला गाडी थांबते तिथे गरम भजी खा, किल्ला बघायचा असेल तर उतरा, मागून दुसरी एसटी मिळते. माझ्या खिडकीची काच सैल होती. गाडी हळू असली की गप्प. पारोळ्याच्या पुढे ड्रायव्हरने वेग धरला आणि काच थरथरायला लागली. आधी बारीक, मग एवढी की मी तळहाताने दाबून धरली तरी मनगट हलायला लागलं. वेग कमी झाला की पुन्हा गप्प. काल मोबाइलवर जे वाचलं होतं ते आता हाताला कळलं. मी नानांकडे पाहिलं. त्यांना झोप लागली होती.

धावपट्टी गावाबाहेर, सगळीकडे कोरडं रान. शेडमध्ये ते ग्लायडर एका पंखावर कलून पडलं होतं, लांबलचक, पांढरं. जवळ गेलो तेव्हा न घासलेल्या पंखभर केसासारखे तडे दिसले. हे तडे उन्हाने पडतात आणि ओलीने वाढतात. गेल्या मे महिन्यात राखणदाराने दया येऊन पंखांवर ओली पोती पांघरली होती, जशी आपण माठाला पांघरतो. पाणी तड्यांत मुरलं. नानांनी एक पंख घासून छान केला होता, खोटं बोलणार नाही. आरशासारखा. पण मग ती पट्टी बोटांनी चाचपली. काठ गोल झाला होता. जिथे नखासारखा हवा तिथे ओठासारखा.

कामावर देखरेखीला शिरसाठ मॅडम होत्या, विमानांच्या इंजिनिअर, त्यांनी सही केल्याशिवाय ते उडत नाही. नाना शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर त्यांच्या कामाबद्दल तोंड उघडायचं म्हणजे पुन्हा पाठीत ब्रश. तरी बोललो. "मॅडम, पट्टी जाड झालीय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंखाकडे पाहिलं.

"वजन मी तसंही करणारच होते," मॅडम म्हणाल्या. "पण इथला काटा बंद पडलाय, पुण्याहून दुसरा यायचाय. आणि इथल्या सगळ्यांना रविवारीच उडायचंय."

म्हणून ती पट्टी काढून, चादरीत गुंडाळून, टेम्पोत मांडीवर घेऊन आम्ही तिघं धुळ्याच्या बाजारात एका मारवाडी किराणा दुकानात गेलो. शेठ तूर डाळ जोखत होते. त्यांनी चादर उघडून पाहिली.

"काय भाव लावू भाऊ? ही काही माझ्याकडे चालत नाही."

"फक्त वजन सांगा शेठ."

"मग कोपऱ्यावरून धरू नका, हात काढा. माझ्याकडे हात ठेवून वजन चालत नाही, या बाबांना विचारा, यांच्या वयाच्या माणसांनी मला लई फसवलंय."

नाना हसले नाहीत. पट्टी काट्यावर डुलली, थांबली. मॅडमनी मोबाइलमधला पट्टीच्या मूळ वजनाचा आकडा पाहिला, काट्याचा पाहिला. फरक पाव किलोहून जास्त.

"पाव किलो म्हणजे काहीच नही," नाना म्हणाले.

"नाना, बिजागरीच्या मागे आहे ना ते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "वेग वाढला की पट्टी फडफडते. फडफडली की पंख घेऊन जाते."

"येताना एसटीची काच थरथरत होती ना," मी म्हणालो. पण नाना तेव्हा झोपले होते, त्यांना कुठली काच.

शेडमध्ये गेल्यावर त्यांनी पाण्याची बादली घेतली, खरखरीत पॉलिश पेपर लाकडाच्या लांब फळीला लावला आणि स्वतःच स्वतःचं काम घासायला बसले. आता भीती उलटी होती. जेलकोट काढताना खालच्या फायबरच्या कापडाला पेपर लागला तर पट्टी हलकी नाही, कमजोर होते. मी टॉर्च आडवी धरून बसलो. पांढऱ्याच्या आत करडं दिसलं की थांबायचं. दर चार हात मारले की नाना थांबायचे आणि तोंड न फिरवता विचारायचे, "दिसस का?" मी म्हणायचो, "नाही, अजून पांढरं." दोन दिवस एवढंच बोलणं. जेवायला डब्यातली शेवभाजी.

बारीक वॉटर पेपर लावायची वेळ आली तेव्हा नानांनी खांदा चोळला आणि फळी माझ्या हातात दिली. मी शेवटपर्यंत घासलं, बफ मारला, वॅक्स लावलं. पुन्हा शेठकडे नेलं. आकडा बसला. शेडमध्ये येऊन मॅडमनी पट्टीचा तोल पाहिला आणि सही केली.

मी निश्वास सोडला. नाना म्हणाले, "शेवटना हात तुना शे."

म्हणजे मागच्या सीटवर मी. फळी त्यांनी खांद्यासाठी दिली होती की यासाठी, मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी मला सीटबेल्टने आवळून मागे बसवलं. पुढे पायलट, तिथलेच एक निवृत्त शिक्षक. दूर मोटरवर दोर गुंडाळतात आणि पतंगासारखं ओढून वर नेतात. नाक आभाळाकडे झालं, पाठ सीटला चिकटली. मग खट् करून दोर सुटला आणि सगळं शांत. ती शांतता मला कुणालाही द्यावीशी वाटत नाही.

"उजवीकडे बघा, लळिंगचा किल्ला," पायलट म्हणाले.

मी पट्टीकडे बघत होतो.

"आता वेग वाढवून बघतो हं."

वाऱ्याचा आवाज चढला. मी थरथरण्याची वाट पाहत होतो. काहीतरी थरथरत होतं. बघितलं तर माझाच गुडघा.

उतरल्यावर नानांनी आधी पट्टीवर हात फिरवला, मग माझ्या डोक्यावर. "घामेघूम व्हयी गया तू," एवढंच बोलले.

आता कोचीत परत आलोय. कुणी विचारलं, जावं का, तर जावं. बाहेरच्यांनाही पैसे भरून बसवतात. पण बसायच्या आधी पंखावर कोणाचा हात लागलाय ते विचारा. माझ्यापुरती भीती काही गेली नाही. हल्ली बोटीवर जेलकोटचा ब्रश टेकवतानाही वाटतं, हे किती जड झालं.

काल नानांचा फोन आला. दुसरा पंखही त्यांनाच मिळालाय, दुसऱ्या पट्टीसकट. "काटा घ्या," मी म्हटलं. "काटा कशाले? हातले समजस," ते म्हणाले. म्हणजे आपलं भांडण चालूच. शेठना विचारलं, तसला काटा साडेचार हजाराला येतो. वर जळगाव-धुळे जाऊन-येऊन एसटीचे तीनशे. नाना, आज खात्यात टाकतोय: चार हजार आठशे.