ताटातली महानंदाची जागा

महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूला, आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, तिचीच वाट बघत होते. छातीत कळ आली आणि परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं, असं तिच्या भावानं सांगितलं. मग दिवसभर फोन येत राहिले आणि जो तो एकच विचारी, "लग्न न्हवतं ना केलं त्यांनी?" झरीला, तिच्या गावी, त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली. जन्मभर फळ्यापुढं उभी राहिलेली बाई... पहिल्यांदाच निवांत बसलेली दिसली. तिथंही मागं कुणीतरी तेच कुजबुजलं. तेव्हा फिरलेलं माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

ती प्रोग्रामिंग शिकवायची. लिस्टमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टची एकच प्रॉपर्टी, म्हणजे त्यातली एकच बाब, कशी काढायची, हा धडा ती जेवणाच्या सुट्टीत घ्यायची. "डबे ओळीनं मांडा. एकेक डबा म्हंजे एकेक ऑब्जेक्ट. भाकर, भाजी, लोणचं ह्या त्याच्या प्रॉपर्ट्या. आपल्याला फक्त लोणचं पाहिजे." मग एका ताटात, डब्यांच्याच क्रमानं, लोणच्याची एकेक फोड यायची. ही झाली नवी लिस्ट. ओळीत मधेच तिचाही डबा असे. त्यात कारळाची चटणी असायची, लोणचं कधीच नाही, कारण तिला ते मुळीच आवडत नसे. पोरं पुढची फोड अलीकडं ओढायला लागली की ती म्हणायची, "सरकवू नका. लोणचं न्हाई, पर डबा हाय न्हवं? त्याची जागा रिकामी ऱ्हाऊ द्या." शेवटी डबे नीट झाकायला लावायची. ताटात नुसती फोड, आपल्याला जेवायचंय ते डब्यातलं, हे तिचं ठरलेलं वाक्य.

शोकसभेत भाऊ म्हणाला, "ताईनं संसार केला न्हाई, एवढीच खंत हाय." पुढच्यानं 'अविवाहित राहून' म्हटलं, त्याच्या पुढच्यानं 'एकटीनं'. सगळ्यांनी तेवढं एकच काढून घेतलं आणि डबा दिला फेकून! मी उठले आणि बोलले. बंद पडलेला कॉम्प्युटर मांडीवर उघडून बसणारी, एसटी चुकलेल्या पोरींना स्कूटीवरून गावापर्यंत सोडणारी, रागावली की आवाज हळू करणारी... हे कुणी काढायचं?

"बसा अक्का, समद्यांना माहीत हाय ते," भाऊ म्हणाला.

"माहीत हाय तर बोला की मग."

भावानं पुढच्या वक्त्याला बोलावलं. मला त्या माणसांचा अजूनही संताप येतो.

मागच्या आठवड्यात तो धडा मी घेतला. तिचा डबा क्लासच्या फळीवरच होता. तो ओळीत मांडला. भाग्यश्री नावाच्या पोरीनं स्वतःच्या डब्यातली फोड ताटातल्या महानंदाच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि नैवेद्य दाखवल्यासारखे हात जोडले. "मॅडमच्या नावानं," म्हणाली.

"जिवंतपणी तोंडाला लावलं न्हाई तिनं. आता कशाला?" मी ओरडले आणि ती फोड उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. लय आंबट होती. डोळ्यांत पाणी आलं... तेवढ्यात कुणीतरी पुढची फोड त्या जागेवर ओढायला लागलं. मी त्याचा हात धरला.

"सरकवू नको. डबा हाय."