भंगाराच्या पेटीतली चौकट

१९७४ साल. मी तेव्हा साठीचा होतो. खंडेनवमीला कंपनी कामगारांच्या घरच्यांना आत सोडते, मशिनींची पूजा बघायला. माझा थोरला दत्तू पिंपरीत ड्रिल मशिनवर होता. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक चौकट काढली होती. लोखंडी तबकडी तिच्यात बसवली की भोकं बरोबर जागेवर पडतात, आधी खुणा करत बसायला नको. ती बघायचीच म्हणून भामा नदीकाठच्या आमच्या गावाहून चाकणला चालत आलो आणि एस.टी. धरली.

मांडीवर शेतातल्या झेंडूची पाटी होती. मोशीला एक बाई चढली. गाडीनं हिसका दिला आणि ती थेट पाटीवर बसली.

"मावशे, देवाआधी तुलाच वाहिली की फुलं!"

"मग उठवू नका, पूजा मोडंल." सगळी गाडी हसली.

भोसरीपासून पत्र्याच्या शेडीच शेडी. एरवी तिथं कानठळ्या बसतात म्हणे. त्या दिवशी चिडीचूप, दारोदार केळीचे खांब. तिथं उतरून टपरीवर गरम भजी खाल्ली, चहा घेतला आणि पुढं पिंपरीपर्यंत पायीच गेलो.

कंपनीत शिरलो आणि देवळात आल्यासारखं वाटलं. मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, माळा घालून ठेवलेल्या. दत्तूच्या मशिनला मी माझा चेंगरलेला झेंडू वाहिला आणि विचारलं, "चौकट कुठाय?" त्यानं नजरेनंच भंगाराची पेटी दाखवली. पोत्यात गुंडाळून तळाशी कोंबली होती.

"आज दिल्लीचं साहेब यायचंय, आबा. देशात नवं काढायची ताकद किती, ते मोजत हिंडतंय."

"मग वर काढ की!"

"हळू बोला." शेजारच्या मशिनवरचा परभणीकडचा रामभाऊ पुढं सरकला. "मागं एकानं दाखविली युक्ती. त्याला हार घातला अन् समद्यांना दीडपट काम लावलं. हार संध्याकाळी सुकला, काम चालूच हाय."

साहेब आला. साधा माणूस, घामाघूम. सोबतचा अधिकारी मराठीत सांगत होता, की कामगारांनी काढलेलं नवं जिथं सापडेल तिथं वेगळी शेड, हत्यारं, सामान मागता येईल; काढणाऱ्यालाच तिथं बसवतील. ते ऐकून दत्तूची नजर भंगाराच्या पेटीकडं गेली. लहानपणापासून मोडतोड करून परत जोडणारं पोरगं. त्याला दुसरं काय पाहिजे होतं?

"कुणी काही केलंय?" अधिकाऱ्यानं रांगेला विचारलं.

सगळी रांग हात बांधून उभी. साहेब माझ्याकडे वळला. अधिकाऱ्यानं विचारलं, "बाबा, तुमच्या मुलानं?"

पोराची बढाई मारायची एक संधी मी जन्मात सोडली नव्हती. दत्तूकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"न्हाई," मी म्हणालो.

साहेब जागचा हलेना. काहीतरी बोलला, ते अधिकाऱ्यानं सांगितलं. "म्हणतात, सगळीकडं हेच उत्तर. मग दिल्लीत काय सांगू? मशिनी बाहेरूनच आणा म्हणू?" रागानं नव्हे, थकून बोलला होता. त्याचंही खोटं नव्हतं आणि रामभाऊचंही खोटं नव्हतं.

परतीच्या गाडीत दत्तू माझ्याशेजारी होता. चौकट कशी आहे ते त्यानं माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखवलं. कंपनीनं दिलेली बुंदी पुड्यात तशीच. जिथं जादा दूध देणाऱ्या गाईला जादाच पिळतात, तिथं ती पान्हा चोरते (दूध वर ओढून धरते), हे आम्हा गावच्यांना शिकवावं लागत नाही. पण पान्हा चोरणाऱ्या गाईचंही दूध आटतं. साहेबाला हे सांगायला हवं होतं कुणीतरी. माझ्यापाशी तेवढी भाषा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी अंगणात काठीनं ती चौकट काढून शेजाऱ्यांना दाखवायला लागलो. दत्तू घरातून आला आणि पायानं सगळं पुसून टाकलं. "आबा, गावात कंपनीची माणसं हायेत." मी काठी घेऊन भामेच्या वाळूत गेलो आणि तिथं कुणी नव्हतं तरी पुन्हा काढली, पहिलीपेक्षा मोठी.