अर्ध्या वाक्याचं इंग्रजी

बारावीला मी इंग्रजीत नापास झाले, तेव्हा मुरगूडच्या आमच्या घरात कुणी आवाज चढवला नाही. आबा दुधाची किटली उचलता उचलता एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरात पास झालीस तर बघू की. न्हाय तर..." आणि गेले डेअरीला. त्याच आठवड्यात मावशी एक स्थळ घेऊन आली. मला कॉलेजला जायचं होतं, जीव तुटत होता माझा, पण ऐकतंय कोण!

आईनं आबांच्या मागं लागून शाहूपुरीतल्या एका मॅडमकडं दर रविवारची शिकवणी लावून दिली. सगळं जमत होतं, अडायचं ते तोकड्या वाक्यांपाशी. 'इफ नेसेसरी, कम अगेन.' मी बेधडक अर्थ लिहिला, 'तू गरजेची असशील तर परत ये.' मॅडम चष्मा काढून हसल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"अर्धं वाक्य साहेबानं गिळायचं आणि शोधत बसायचं आम्ही? ही कुठली रीत?" मी म्हटलं.

मॅडमनी पुस्तक मिटलं. "परवा तुला बघायला आलेली मंडळी काय म्हणाली?"

"पोहे खाल्ले आणि उठताना म्हणाले, कळवतो."

"मग?"

"मग काय, नाही म्हणाले."

"नाही कुठं म्हणाले?"

आमच्याकडं मुलगी पसंत नसली तर तोंडावर कुणी सांगत नाही. 'कळवतो' म्हणतात, आणि घरातली बाई बशा विसळतानाच तो विषय सोडून देते.

"कोण बोलतंय, कशावरनं बोलतंय, एवढं बघितलंस म्हणून तुला कळलं," मॅडम म्हणाल्या. "इथंही तेच बघायचं. गरज कशाची? परत येण्याची. बास."

त्या दिवसापासनं मला इंग्रजीचा राग यायचा थांबला. धडा वाचताना सुटलेले शब्द मी मनात भरत जायची, आणि खरं सांगायचं तर मजा यायला लागली.

ऑक्टोबरचा निकाल लागला. गोठ्याच्या दारात उभी राहून मी आबांना सांगितलं, "पास झाले." ते वैरण टाकत राहिले. "मग... कॉलेज?" एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

आबांनी हात झटकले. माझ्याकडं न बघताच आईला हाक मारून विचारलं, "जूनपासनं हिचा डबा किती वाजता लागंल?"

"सहाला," आई आतून म्हणाली, आणि मी तिथंच दारात रडायला लागले.